त्यांच्या वाट्याचा पंचम

आमचे हे बोटीवर नोकरीला होते. शेवटच्या खेपेला त्यांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून एक जड पेटी आणली. मला वाटलं, या वेळी तरी भांडी असतील. निघाल्या दांड्याच्या पितळी घंटा, लहानमोठ्या, प्रत्येकीचा सूर वेगळा. एकेकाने एकेक घंटा धरायची, आपला सूर आला की वाजवायची, एरवी गप्प राहायचं. सगळ्यांची मिळून एक चाल होते.

गप्प राहणं हेच आमच्या मिरजोळ्याच्या शेजाऱ्यांना जमेना. निवृत्त झाल्यावर ह्यांनी सगळ्यांना पडवीत गोळा केलं, आरतीची चाल घेतली, आणि पहिल्याच ओळीला सगळे एकदम घणघणायला लागले. आरतीत हातात घंटा आली की ती शेवटपर्यंत वाजवायची, ही जन्माची सवय. ह्यांनी मोठ्या चिकाटीने त्यांना थांबायला शिकवलं. बोट दाखवलं की एकदाच वाजवायचं. मूठ मिटली की गप्प. पंजा थरथरवला की सगळ्यांनी घणघणाट करायचा, पण तो फक्त शेवटच्या ओळीला.

एका रविवारी चाल निम्म्यावर असतानाच घणघणाट सुरू झाला. मी आतून चहा घेऊन येत होते. म्हटलं, ये रे माझ्या मागल्या! आता हे चिडणार म्हणून बघितलं, तर हे स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत उभे. हात थरथरत होता आणि तो त्यांना थांबवता येत नव्हता. मंडळी बिचारी शिकवल्याप्रमाणे वाजवत होती.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. घरी आल्यावर हे म्हणाले, "आता खुणा तू करायच्या. मी घंटा धरतो." मला सुरातलं काय डोंबल कळतंय? पण ह्यांचं त्या मंडळींतलं बसणं-उठणं सुटू नये म्हणून मी हो म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतं. स्वयंपाकघरात, मी भाजी चिरत असताना, हे शिकवायचे. "अगं, ज्याचा सूर येणार त्याच्याकडे आधी बघ. वाजून गेल्यावर बघून काय उपयोग?" मीही ऐकून घेणाऱ्यातली नाही. भांडत भांडत शिकले.

ह्यांच्याकडे पंचमाची घंटा होती. सुरुवातीला गोळ्यांनी हात ताब्यात राहिला, मग गोळ्याही पुरेनात. मी मूठ मिटली तरी ह्यांची घंटा किणकिणत राही. ह्यांनी ती छातीशी दाबून बघितली, मांडीवर टेकवून बघितली. ज्याच्याकडे आधी बघायचं त्याच्याकडेच मला बघवेना.

गणपतीत मंडळापुढे कार्यक्रम ठरला. त्याच्या आदल्या तालमीला ह्यांनी आपणहून घंटा टेबलावर ठेवली आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. चाल सुरू झाली. पंचमाच्या जागी मी सवयीने बोट दाखवलं आणि तिथे काहीच वाजलं नाही. सगळे थांबले. ह्यांच्या रिकाम्या जागेशेजारी आमची मासे विकणारी मैत्रीण आपली घंटा धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "वयनी, ती माज्याकडं द्या. दोन हातांत दोन वाजवीन मी." तिचं काही चुकलं नव्हतं. मी घंटा उचलून तिच्या हातात दिली.

कार्यक्रमात ती चाल पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत कुठेही न अडखळता झाली. कुणीतरी चुकावं असं मला सारखं वाटत होतं. एकजणही चुकला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत हेही वाजवत होते, तळहात एकमेकांवर धड येत नव्हते, तरी वाजवत होते.

मी घंटा पेटीत भरायला लागले तेव्हा हे जवळ आले. चेहरा फुलला होता नुसता. म्हणाले, "जमलं की गं तुला!"

मला इतका राग आला, इतकं रडू आलं. त्यांच्यावाचून जमावं म्हणून मी शिकलेच नव्हते.