दोन नग, दोन भाऊ

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी अकरावीत होते. वाटणीत मला कोणी धरलं नव्हतं, चहाला मात्र धरलं होतं. पंच म्हणून बसलेल्या जाणत्या नातेवाइकांना दिवसभर कपबश्या पोचवायच्या, एवढंच माझं काम. त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील थोरले आणि काका धाकटे. हडपसरचं घर, लोणी काळभोरची शेती, वाघोलीकडचा एक खडकाळ तुकडा आणि एक ट्रॅक्टर, असा आमचा पसारा. घर आणि शेती यांचे सरळ दोन भाग पडले. ट्रॅक्टर एकच होता. अण्णा म्हणाले, "ट्रॅक्टर माझा." त्याच्या बदल्यात काकांना वाघोलीचा तुकडा गेला. तिथे तेव्हा शेळ्यासुद्धा थांबत नव्हत्या. पुढे शहर नगर रस्त्याने तिथवर पोचलं आणि काकांनी त्या खडकावर बंगला बांधला. शहर कुठल्या बाजूने वाढणार हे काकांना आधीच ठाऊक होतं, असं अण्णा आजही सांगतात. ट्रॅक्टर आपण स्वतः मागून घेतला होता, हे सांगायचं ते विसरतात.

पण माझ्या मनात राहिली ती शेवटची वाटणी. मोठं सगळं संपल्यावर पंच शेडमधल्या वस्तूंकडे वळले. दोन खाटा होत्या, एकेक झाली. दोन हंडे, एकेक झाले. कोपऱ्यात मेणकागदात गुंडाळलेले दोन लोखंडी भाग होते. एक ताटाएवढा, दातेरी चक्रासारखा. दुसरा जाड दांड्याचा, टोकाला दाते असलेला. पंचांपैकी सगळ्यात म्हातारे होते ते म्हणाले, "दोन नग, दोन भाऊ." मोठा भाग अण्णांकडे सरकवला, लहान काकांकडे.

ती जोडी होती. ट्रॅक्टरच्या मागच्या भागात गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे वळवायला हे दोघे लागतात, मोठा तो क्राऊन आणि लहान तो पिनियन. कारखान्यात त्यांना एकमेकांवर फिरवून घासतात, दोघांवर एकच नंबर कोरतात आणि जोडीनेच विकतात. एकट्याचा उपयोग शून्य. कंपनी आमचं मॉडेल बंद करणार असं कळल्यावर दोघे भाऊ बरोबर जाऊन ही जोडी घेऊन आले होते, अडीअडचणीला असावी म्हणून.

पंचांना ट्रॅक्टरमधलं काही कळत नव्हतं. अण्णांना आणि काकांना पुरतं कळत होतं. दोघेही मूग गिळून बसले. जो बोलेल त्याला दोन्ही हवेत, असा अर्थ झाला असता, आणि त्या दिवशी आमच्या घरात हावरा ठरण्यापेक्षा मूर्ख ठरणं बरं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मलाही कळत होतं, पण मला कोण विचारतंय.

त्यानंतर दोन्ही घरांत येणं-जाणं राहिलं नाही. लग्नात अक्षता टाकायच्या आणि न जेवता निघायचं, एवढंच नातं उरलं.

मी शिकले, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला लागले. आई गेल्यावर अण्णांसाठी हडपसरलाच राहिले. लोणीची शेती थोडी थोडी करत विकली गेली, एक पट्टी उरली. ट्रॅक्टर त्या पट्टीपुरता उरला. गेल्या वर्षी पेरणीच्या आधी नांगरताना मागून कडकड असा आवाज आला आणि तो बांधावरच उभा राहिला. ओढून हडपसरला आणला. मेकॅनिकने खालचं तेल काढलं, तर तेलात क्राऊन-पिनियनचे दात पडलेले. माझ्या हातावर एक ठेवून तो म्हणाला, "मॅडम, आता कवळी बसवावी लागेल."

अण्णांना ते हसण्यासारखं वाटलं नाही. तेव्हापासून ते रोज सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जायचे आणि बंद ट्रॅक्टरच्या सीटवर बसून प्यायचे. डावा पाय क्लचवर ठेवून दाबून बघायचे. त्यांच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, हळूहळू जाणार. क्लच दाबायला पाय आहे तोवर ट्रॅक्टर चालू व्हायला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. नंतर तो भंगारात गेला तरी चालेल, म्हणाले. मला ते पटलं. घरात एक माणूस बंद पडलेल्या यंत्रावर बसून चहा पितो, हे रोज बघवत नाही.

मेकॅनिकने ट्रॅक्टर मधून सोडवला. पुढचं धूड एकीकडे, मागचं दुसरीकडे. बेअरिंग, सील, एक शाफ्ट, एवढं नाना पेठेत मिळालं. मिळालं म्हणजे मी शनिवारी कॉलेज सुटल्यावर दुकानांच्या पायऱ्या चढत गेले. एका काउंटरवर विचारलं, "साहेब नाही आले?" मी म्हटलं, "साहेब नाहीतच. पार्ट आहे का ते सांगा." मॉडेलचं नाव ऐकल्यावर तो म्हणाला, "याचे पार्ट इथे कसे मिळतील? संग्रहालयात विचारा." पुढच्या दुकानात तर मान वर करायचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. "नाही. असता तर नाही म्हटलं असतं का?" क्राऊन-पिनियनची जोडी काही मिळेना.

मग एका संध्याकाळी अण्णा सीटवरूनच म्हणाले, "माझ्या वाटणीचा क्राऊन माळ्यावर हाय. ग्रीस लावून बांधलाय. नवा कोरा. पिनियन तेवढा त्याच्याकडं."

त्याच्याकडे म्हणजे काकांकडे. इतक्या वर्षांत अण्णांनी काकांचं नाव घेतलं नव्हतं, त्या दिवशीही घेतलं नाही. मी विचारलं, "मग तुम्ही मागता का?"

"मी न्हाई जायचा. तुला जायचं तर जा."

मेकॅनिकने शेडच्या माळ्यावरचं गोणपाटाचं बोचकं खाली घेतलं. तारेने आवळून बांधलेलं होतं. "बघू का जरा कसा आहे?" त्याने पकड काढली, तर अण्णा तापले. "माझ्या हातचं बांधलेलं हाय. पिनियन आल्यावर सोड." मेकॅनिकने बोचकं तसंच बाकाखाली सरकवलं. मीही आग्रह केला नाही. अण्णांच्या शब्दावर आमच्या घरात कोणी पकड लावत नाही.

वाघोलीला मी नाक मुठीत धरून गेले. वाटणीपासून आमच्या घरात ज्या माणसाला चोर म्हणत आले, त्याच्या दारात लोखंड मागायला उभी होते. मनात उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणतील, तुझ्या बापाला पाठव. मी म्हणेन, ठेवा तुमच्यापाशीच.

दार काकांनीच उघडलं. म्हातारे झाले होते, पण अण्णांपेक्षा ताठ. "ये की पोरी. दादानं पाठवली?"

"नाही. मीच आले."

"व्हय. त्यो कसा पाठवंल." त्यांनी काकूला चहा टाकायला सांगितलं. ट्रॅक्टरचं सगळं ऐकून घेतलं. मग उठून आत गेले आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी घेऊन आले. गाठ सोडली. पिनियन होता, कारखान्यातून कालच आल्यासारखा. हात लावला तर बोटांना तेल लागलं. दात्यांच्या खाचांत जुनं कुंकू बसलं होतं.

"दर खंडेनवमीला काढतो," काका म्हणाले. "पुसतो, तेल देतो, पुजतो, परत बांधतो."

काकू चहा ठेवत म्हणाली, "त्यांना म्हटलं, ट्रॅक्टर न्हाई आपल्याकडं, ह्याची पूजा कशाला? ऐकतील तर शपथ."

मी तयार केलेलं एकही उत्तर कामाचं राहिलं नाही. काकांनी एकच गोष्ट मागितली. "बसवताना मला बोलवा. जोडी बसताना बघायची हाय." घरी येताना मांडीवर ते जड फडकं घेऊन मी रिक्षात बसले आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, ट्रॅक्टरपेक्षा जास्त काहीतरी जुळणार, असं मला वाटायला लागलं होतं. गणिताच्या बाईला असं वाटू नये.

बसवायच्या दिवशी काका आले. पांढरे कपडे, टोपी. अण्णा शेडमध्ये खुर्चीवर बसले होते.

"आलास?"

"आलो. गुडघा काय म्हणतोय, दादा?"

"चाललाय."

इतक्या वर्षांनंतरचं बोलणं एवढंच. पण काकांनी दुसरी खुर्ची ओढली ती अण्णांच्या शेजारी, समोर नाही. मेकॅनिकने पिनियन फडक्यातून काढला, उजेडात फिरवून पाहिला आणि मान हलवली. मग बाकाखालचं बोचकं ओढून तार तोडली. गोणपाट उलगडण्याऐवजी हातात फाटत आलं. आतला क्राऊन लाल होता. सगळे दाते गंजलेले, एका बाजूला तर लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. ग्रीसचा मागमूस नव्हता. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरने एक दाता खरवडला, तर खाली खड्डे.

"हे बसणार नाही," तो म्हणाला. "बसवलं तर दोन्ही जातील."

अण्णा क्राऊनकडे बघत होते. "पत्रा गळत आसंल. पाणी गेलं आत."

काकांनी विचारलं, "कवा बघितला हुता शेवटचा?"

अण्णा वर पत्र्याकडे बघू लागले. काकांनी परत विचारलं. तेव्हा अण्णा म्हणाले, "बघून काय करायचं हुतं? अर्धाच हुता. अर्ध्याला काय ग्रीस लावायचं?"

काकांनी बाकावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "माझा बी अर्धाच हुता, दादा."

ते उठले. फडकं बाकावर पिनियनशेजारी ठेवलं. मी तो फडक्यात बांधून त्यांच्या हातात द्यायला गेले, तर त्यांनी घेतला नाही. "ऱ्हाऊ दे. मी कशासाठी जपू आता," म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन रिक्षाला हात केला. अण्णांनी त्यांना थांब म्हटलं नाही. नुसतं थांब म्हणायचं होतं, त्याला गुडघा लागत नाही.

मला अण्णांचा राग आला. आजही येतो. ग्रीस लावलं नाही, त्याचा नाही. लावलं नव्हतं हे ठाऊक असून त्यांनी मला वाघोलीला जाऊ दिलं आणि काकांना इथवर येऊ दिलं. मी तसं तोंडावर बोलले. ते म्हणाले, "मला वाटलं आसंल चांगला." वाटलं म्हणे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे आमच्याकडे बघूनच कोणीतरी म्हटलं असावं.

मेकॅनिकने शेवटी कुठूनतरी मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरची वापरलेली जोडी आणली. दाते झिजलेले होते, पण दोघांवर नंबर एकच होता. ट्रॅक्टर परत जोडला, तेल भरलं, चालू झाला. अण्णा लोणीच्या पट्टीवर स्वतः नांगरून आले. दुसऱ्या गिअरला मागून घूं घूं असा रडका आवाज येतो. अण्णांनी तक्रार केली, तर मेकॅनिक म्हणाला, "दुसऱ्याची जोडी आहे, अण्णा. आवाज करणारच. चालतंय ना?"

"चालतंय," अण्णा म्हणाले. घरी आल्यावर मला म्हणाले, "बघ. कुणावाचून आडत न्हाई."

परवा खंडेनवमी झाली. अण्णांनी ट्रॅक्टर धुऊन घेतला, झेंडूची माळ आणली, पान्हे आणि पकडी पाटावर मांडल्या. मी आतून फडकं आणलं, पिनियन पुसला, त्याला तेल दिलं आणि पाटावर मधोमध ठेवला.

अण्णांनी विचारलं, "हे कशाला?"

मी म्हटलं, "आपल्या घरात जपलेलं लोखंड तेवढंच आहे."

अण्णा ताम्हणातलं हळदकुंकू घेऊन वाकले. पान्ह्यांना लावलं, पकडींना लावलं, ट्रॅक्टरच्या बॉनेटला लावलं. मधला पिनियन तेवढा त्यांनी सोडला.