खोट्या धुराच्या दिवशी

झाशीबाहेरच्या आमच्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांना रंग लागतो. आग लागली, अपघात झाला, तर सगळ्यांना सांभाळून बाहेर काढायचं काम माझ्याकडे. ते मला जमतं का, हे बघायला त्या दिवशी तपासनीस आले होते. खंडेराव गेटजवळच्या घरातून निघताना आईनं हातावर दही-साखर ठेवली, जशी काही मी दहावीच्या पेपरला चालले होते.

सराव ठरलेला होता. कडुलिंबाजवळच्या ड्रममध्ये तेलकट चिंध्या पेटवायच्या, भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी झाडाखाली जमायचं. माणसं याला इतकी सरावली होती, की जोडीनं काम करणाऱ्या, एकत्र जेवणाऱ्या दोघांतला एकच यायचा आणि आत काम उरकत बसलेल्या सोबत्याच्या नावालाही 'हाज़िर' म्हणायचा. आम्ही सगळे ते हसण्यावारी न्यायचो.

मी काडी ओढणार, तोच रंगाच्या शेडवरून धूर निघाला. चिंध्या तर माझ्यासमोर होत्या, न पेटलेल्या. आत थिनरचे डबे होते. मी भोंगा दाबला, अग्निशमन दलाला फोन लावला, मेन स्विच बंद करायला ओरडले.

माणसं मात्र मजेत आली. "इस बार तो मैडम ने असली जैसा धुआँ किया है," कुणीतरी म्हणालं. तपासनीसांनीही खूश होऊन मान डोलावली. फोरमननं नावं पुकारली. सगळे हाज़िर.

"यह ड्रिल नहीं है! सच में आग लगी है!"

तरी हसले. एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी लाथेनं ड्रम आडवा केला. न पेटलेल्या चिंध्या त्यांच्या पायाशी पडल्या, तेव्हा कुठे तोंडं उतरली.

"जिसके साथ रोटी खाते हो, उसका हाथ पकड़ो. अभी!"

हातात हात गेले. एक म्हातारा रंगारी तेवढा एकटाच उभा राहिला.

"मैडम, उनकी हाज़िरी हमने बोल दी," तो म्हणाला. "भैया अंदर हैं."

बंब आला. सगळे बाहेर आहेत असं मी म्हटलं असतं, तर जवान बाहेरूनच पाणी मारत राहिले असते. मी सांगितलं, एक जण आत आहे. ते शिरले. तेवढ्या वेळात मी इतके नवस बोलले, की फेडायला हा जन्म पुरायचा नाही. ते बाहेर येईनात, आणि मी त्यांनाही मारलं असं मला वाटू लागलं.

शेवटी त्याला उचलून आणलं. काळाठिक्कर पडला होता, पण खोकत होता. म्हातारा त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडायला लागला.

"आप पास हैं, मैडम," तपासनीस हळूच म्हणाले.

स्ट्रेचरवरच्या माणसानं मला खुणेनं जवळ बोलावलं. "माफ़ करना मैडम. कल आपने ही समझाया था, घबराना मत, धुआँ झूठा होगा. तो धुआँ देखकर भी हम काम निपटाते रहे."

मी तिथेच मातीत बसले.