सात नंबरच्या खोलीतले पाहुणे

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना हाउसकीपिंग शिकवत होतो. खोली कशी आवरायची, पलंग कसा लावायचा, पाहुण्यांची काळजी त्यांना न दिसता कशी घ्यायची, हा माझा विषय. निवृत्तीनंतर जुन्या मुलांनी मला त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी तिथे बातमी आली, की अकोल्याची प्रज्ञा तायडे गेली. मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत सगळं संपलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत मध्येच एकाने विचारलं होतं, "कोण प्रज्ञा? थे सात नंबरवाली का?" आणि दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, "हो, तेच."

मी चष्मा काढून बसून राहिलो. माणूस गेलं त्या दिवशीही तिची ओळख तीच होती... आणि ती ओळख तिला मी दिली होती.

आमच्या विभागाच्या वरच्या मजल्यावर सरावासाठी एक खोली होती, हुबेहूब हॉटेलातल्यासारखी. पलंग, टेबल, आरसा, खिडकीत वाळ्याचा कूलर. दारावर पितळी सातचा आकडा होता, बाकीच्या सहा खोल्या कधी नव्हत्याच. कुठल्याशा बंद पडलेल्या लॉजच्या भंगारातून तो एकच आकडा मिळाला होता. तिथे कुणी राहत नसे. पण मी मुलांना सांगायचो, "इथे पाहुणे उतरलेत असं समजा. ते तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. मागे राहिलेल्या खुणांवरून त्यांना ओळखा." मग मीच कधी टॉवेल चुरगाळून ठेवायचो, कधी पाण्याचा पेला अर्धा करायचो. मुलं ते पाहून पाहुण्यांच्या कार्डावर नोंद करायची, दर महिन्याला एक कार्ड. कार्डाच्या तळाशी पाहुण्यांच्या अभिप्रायासाठी एक ओळ असायची. ती अर्थातच कोरी राहायची. मुलांना हा सगळा खेळ वाटायचा. प्रज्ञाला वाटला नाही.

ती अकोल्याच्या जठारपेठेतली. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि घरातून पदवीपर्यंत आलेली ती पहिलीच. बुटकी, केस घट्ट बांधलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. हा कोर्स का घेतला, असं मी पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या घरी कोनी पाव्हणा आला का आई त्याले आधी पाणी देते, नाव मंग इचारते. मले थेच कराचं आहे. पण मोठ्या हॉटेलात." वर्ग हसला. मीही हसलो.

तिच्या शेवटून दुसऱ्या वर्षी माझी पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. घरात सतत तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि मला झोप उरली नव्हती. दुपारी एक ते अडीच विभाग रिकामा असायचा. एप्रिलचं ऊन होतं. मी सात नंबरमध्ये जाऊन पडायला लागलो. खोलीची एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी त्या महिन्याची जबाबदारी असलेल्या विद्यार्थ्याकडे. तो महिना प्रज्ञाचा होता. उठल्यावर मी पलंग पुन्हा लावून ठेवायचो. चादरीचे कोपरे बांधण्यात माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला कळेल अशी शंकाही मला आली नाही.

चार-पाच दिवसांनी लक्षात आलं, की खोली माझ्याकडे बघते आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी डाव्या कुशीवर झोपतो, तर तांब्या झाकून पलंगाच्या डाव्या बाजूला ठेवलेला. पडदा नेमका माझ्या डोळ्यांवर येणारी तिरीप अडेल इतकाच ओढलेला. एके दिवशी उशीशेजारी घडी घातलेला कोरडा अभ्रा होता. मी टेबलावरचं कार्ड उचललं. तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'पाहुणे दुपारी येतात. डाव्या कुशीवर झोपतात. चादर डाव्या हाताने खोचतात. उशी ओली असते. विचारू नये.'

विभागात डावखुरा मी एकटाच होतो. बाहेर रणरणतं ऊन, दाराला आतून कडी, आणि माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी मला न भेटता, न विचारता, पानापानाने वाचून ठेवलं होतं... मी शिकवलं होतं तसंच. मी ते कार्ड शर्टाच्या खिशात घातलं.

मी पडलेलोच होतो, तेवढ्यात घरून फोन आला, की पत्नीला श्वास लागला आहे. मी तसाच उठून धावलो. पलंग लावायचा राहिला. नेमके त्याच दुपारी विभागप्रमुख विद्यापीठाच्या तपासणी समितीला खोली दाखवायला घेऊन गेले. चुरगाळलेली चादर, अभ्र्यावर तेलाचा डाग आणि पुरुषाचे आखूड पांढरट केस. समितीसमोर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रज्ञाला त्याच खोलीत उभं केलं. मी त्यांच्या शेजारी होतो.

"किल्ली तुझ्याकडे होती. कोणाला आणलं होतंस इथं?"

"कोनाले नाई, सर. पाव्हणे होते."

"थट्टा करतेस? कोण पाहुणे?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. तेही खरं नसावं. ती म्हणाली, "कार्डात लिहून आहे न, सर. कार्ड पाहा."

प्रमुखांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आहे का कार्ड?"

कार्ड माझ्या खिशात होतं. कालचाच शर्ट होता. रात्रभर मी दवाखान्यात बसून होतो, तो बदललाही नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "या महिन्याचं कार्ड तिने केलेलंच नाही."

दुपारी तिथे मी झोपतो असं कबूल केलं असतं तर चार दिवस थट्टा झाली असती, बस. पण एका रात्रीत प्रकरण मुलीचं आणि अनोळखी माणसाचं झालं होतं, आणि तो माणूस व्हायची मला भीती वाटली. उन्हाळ्यात मुंबईच्या मोठ्या हॉटेलात प्रशिक्षणाला जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. ते खोडलं गेलं. कागदावर 'शिस्तभंग' असं लिहिलं, पण व्हरांड्यात आणि मुलींच्या वसतिगृहात जे बोललं गेलं ते वेगळं होतं. ती खोलीतून बाहेर पडताना मात्र एकदा माझ्याकडे बघून गेली. त्या नजरेत राग नव्हता. पाहुण्यांना काही कमी तर पडलं नाही ना, हे बघतात तसं ते बघणं होतं.

पदवी तिने घेतली. गुणपत्रिका न्यायला आली तेव्हा म्हणाली, "सर, अकोल्याले आले का या. खोली ठेवीन." तिने जठारपेठेत छोटं लॉज काढल्याचं पुढे कानावर आलं. कृषी विद्यापीठात मुलांना पोचवायला आलेले आईबाप, दवाखान्यात आलेले नातेवाईक तिथे उतरत. मी लग्नांना, पेपर तपासायला कितीदा अकोल्याला गेलो. त्या गल्लीत कधी वळलो नाही.

ग्रुपवर बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. दुपारी झोपून उठलो की नाकात ओल्या वाळ्याचा वास भरलेला असायचा. पत्नी गेल्यापासून आमच्या घरात कूलर नाही. पहिल्या दिवशी शेजारच्यांचा असेल म्हटलं. आठव्या दिवशी शेजारी गावाला गेलेले होते... तिसऱ्या आठवड्यात मी जुन्या फायलीतून ते कार्ड काढलं आणि अकोल्याची बस धरली. एकच्या सुमाराला, मूर्तिजापूरच्या पुढे, मला बसमध्ये गाढ झोप लागली.

लॉजवर प्रज्ञाची धाकटी बहीण भेटली, करुणा. मी नाव सांगायच्या आधी तिने पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या ताईचा शिक्षक होतो म्हटल्यावर ती मला आत घेऊन गेली. दोन्ही बाजूंना तीन-तीन दारं आणि टोकाला आणखी एक. त्यावर पितळी सात.

"लोकाइले सहाच खोल्या देतो, सर. हे ताईची. परीक्षेच्या टायमाले लोकं व्हरांड्यात झोपत, तरी दिली नाई. म्हणे, बुक आहे. रोज सोता आवरे. आमी हासत होतो तिले, ताई, तुवा पाव्हणा रस्ता भुलला काय?" ती हसली आणि मग तिचा आवाज खाली आला. "आता मी आवरतो, तिच्यासारखंच. पण सर... कुलूप लावून जातो, अन् तीन वाजता उघडलं का गादीले खळगा असते. डाव्या अंगाले. मांजर म्हणावं तं खिडकीले जाळी आहे."

"कधीपासून?"

"ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

तिने कुलूप काढलं. वाळ्याचा वास आला. तोच पडदा, तितकाच ओढलेला. डावीकडे झाकलेला तांब्या. चादरीवर डाव्या बाजूला एका माणसाच्या अंगाएवढा खळगा होता. मी त्यावर हात ठेवला. कोमट लागला. ऊन असेल, असं मी म्हणालो, पण ऊन त्या बाजूला येत नव्हतं.

करुणा चहा आणायला गेली. टेबलाच्या खणात कार्डांचे गठ्ठे होते, महिन्यामागून महिने, सगळी वर्षं. मी मधूनच कुठलंही काढून पाहिलं. प्रत्येक दिवसापुढे तेच गोल अक्षर, 'पाहुणे आले नाहीत. उशी बदलली.' अगदी शेवटच्या आठवड्यातही. सगळ्यात वरच्या कार्डावर मात्र अक्षर बदललेलं होतं, करुणाचं. 'पाहुणे येऊन गेले. पाहुणे येऊन गेले.'

मी खिशातलं जुनं कार्ड त्यावर ठेवलं आणि पेन काढलं. तळाची ओळ कोरी होती. 'प्रज्ञा,' एवढं लिहिलं आणि करुणा चहा घेऊन दारात आली.

"सर, एक इचारू? ताईनं कॉलेजात काय केलतं? लोकं काहीबाही बोलत. बाबा मरेपर्यंत तिच्याशी धड बोलले नाई."

"तिने काहीच केलं नव्हतं," मी म्हणालो.

"मंग कोनं केलं?"

मी कप उचलला. चहा चांगला झालाय, असं म्हणालो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तिथे तेवढंच केलं. मग उठलो आणि जन्माच्या सवयीने पलंगाची चादर ओढून, कोपरा दुमडून गादीखाली खोचली. मान वर केली तर करुणा माझ्या हाताकडे बघत होती, डाव्या हाताकडे. तिची नजर टेबलावरच्या जुन्या कार्डाकडे गेली आणि परत हाताकडे आली. पुढे होऊन तिने उशी उचलली आणि अभ्रा बदलला.

करुणा, तू विचारलंस त्याचं उत्तर वर लिहिलं आहे. प्रज्ञाच्या वर्गातल्या मुलांनो, तुम्हीही वाचा. कार्डाच्या त्या ओळीवर फक्त तिचं नाव आहे, पुढची जागा कोरी आहे. तिथे लिहायचं होतं ते एवढंच, प्रज्ञा, कार्ड माझ्या खिशात होतं, मला माफ कर.