शब्द सुचेपर्यंत थांबणाऱ्या नीलिमाताई

नीलिमाताईंची आणि माझी पहिली भेट अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या छोट्या ऑफिसात झाली. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं, शेजारी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाल्या, "ही फाइल बिघडली आहे. सकाळी होती तशी करायची आहे. काय टाइप कराल?" मी पाठ केलेल्या कमांड्स आठवू लागले. एकही धड आठवेना. ताई गप्प. शेवटी वैतागून मी सरळ मराठीत लिहिलं, 'सकाळचं दे'. ताई खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या."

त्याच ताई आता साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथाच्या प्रकाशन समारंभात त्या स्वतः चार शब्द बोलणार आहेत, आणि त्या विचारानं माझा जीव टांगणीला लागला आहे. गेल्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द सापडेनासे झाले. समजतं सगळं, मनात वाक्य तयार असतं, ओठांवर मात्र येत नाही.

ताईंचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फाइलीत केलेला प्रत्येक बदल जपून ठेवायचा आणि मागाल ती जुनी प्रत परत द्यायची, असं सॉफ्टवेअर त्यांनी तयार केलं. अशी सॉफ्टवेअर्स जगात पुष्कळ आहेत, पण त्यांच्या कमांड्स प्रोग्रामरांनी प्रोग्रामरांसाठी केलेल्या. ताईंना आपलं सॉफ्टवेअर अंबरनाथच्या कारखान्यांत ड्रॉइंग काढणाऱ्यांच्या आणि उल्हासनगरात जीन्स बेतायचे पॅटर्न करणाऱ्यांच्या हाती द्यायचं होतं. त्यांची पद्धत साधी होती. माणसाच्या शेजारी बसायचं, अडचण समोर ठेवायची आणि काहीही सुचवायचं नाही. त्याला आपणहून जे सुचेल, ती कमांड. मला ती शांतता मुळीच सोसायची नाही. समोरचा अडला की मी उत्तर सांगायला पुढे सरसावायची.

एकदा उल्हासनगरच्या कॅम्प पाच या भागात एका जीन्सच्या कारखान्यात गेलो होतो. टेबलावर कापड अंथरून तयार होतं आणि पॅटर्नमध्ये कंबरेचं माप बिघडलेलं. पॅटर्न करणारे संतोष कीबोर्डवर हात ठेवून नुसतेच बसले. मागून शेठ ओरडले, "अरे मॅडम, टाइम खोटी होतोय! बता दो ना इसको!" मी सांगायला तोंड उघडलं, तोच ताईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. संतोषनी बऱ्याच वेळानं टाइप केलं, 'पुराना वाला'. आमच्या सॉफ्टवेअरला ते कळलं नाही. ताईंनी जुना पॅटर्न काढून दिला, काम मार्गी लावलं आणि ऑफिसात परतल्यावर 'पुराना वाला' कमांडमध्ये घातलं. कमांड्स मराठीतच असाव्यात, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, घाबरलेल्या माणसाला भाषेची परीक्षा द्यायला लावायची नाही."

माझ्या आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी ताई बेलवलीच्या आपल्या घरून डबा घेऊन आल्या आणि दुपारभर माझ्याजवळ बसल्या. 'काळजी करू नकोस' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. तसं म्हटल्यानं माझी काळजी आजवर कधी कमी झालेली नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता त्यांच्या घरी गेलं की वेगळंच दिसतं. ताईंनी तोंड उघडलं की आजूबाजूचे धावतात. "पाणी? चहा? औषध का?" सगळे प्रेमापोटीच करतात, पण ताईंच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्या मान फिरवतात. ज्या बाईंनी शेकडो माणसांना त्यांचे शब्द सापडू दिले, त्यांच्यावरच ही वेळ यावी, याचा मला फार राग येतो.

मागच्या आठवड्यात मी म्हटलं, "ताई, समारंभात तुमचं भाषण मी वाचून दाखवते." त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी..." म्हणाल्या आणि अडकल्या. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पदर घट्ट धरून मी बसून राहिले. चहा गार झाला. मग ताई म्हणाल्या, "मीच." आणि आणखी बऱ्याच वेळानं, माझ्याकडे बोट करून, "तू... गप्प."

तेव्हा सभागृहात येणाऱ्या सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. ताई बोलताना थांबल्या तर कुणी शब्द पुरवू नका, सांभाळून घेण्यासाठी टाळ्याही वाजवू नका. नीलिमाताईंना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांचे शब्द त्यांच्या सवडीनं परत येवोत. मला त्या दिवसाची भीती वाटते आहे, आणि ती जाणार नाही. तरी मी पहिल्या रांगेत बसणार आहे, तोंड मिटून.