सामानापाशी बसणारी बाई

आष्ट्याच्या सलिमा तांबोळीने आयुष्यात पुष्कळ सहली केल्या आणि एकही ठिकाण धड पाहिलं नाही. पन्हाळ्याला ती तटाखाली पिशव्या राखत बसली. ठोसेघरला धबधब्याचा नुसता आवाज ऐकला. कास पठारावर घरचे फुलांजवळ फोटो काढत होते, तेव्हा ही पार्किंगमध्ये बिर्याणीच्या पातेल्यावरच्या माश्या वारत होती. घरोघरी अशी एक बाई असतेच. तिला कुणी बस म्हणत नाही, पण ऊठ म्हणायचंही कुणाला सुचत नाही.

यंदा चांदोलीला निघताना मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं. गुडघे कुरकुरायला लागले होते. आज डोंगर पाहायचा राहिला तर कायमचाच राहणार होता.

राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर चौकीदाराने बजावलं, "जेवान आत न्यायचं न्हाई. हितंच ठेवा, पर राखण तुमची तुमी करा. वानरं लय हायती."

सवयीने सगळ्यांनी सलिमाकडे पाहिलं. ती केव्हाच जंगलात नेणाऱ्या जीपमध्ये पदर खोचून बसली होती.

"अगं, आन् सामान?" नवरा कुतुबुद्दीन गोंधळला.

"आवं, मला काय इचारताय? मी जंगल बघाय आलीया."

मुलगा सरफराज हसला. त्याने लगेच तोड काढली, "बरं, ऱ्हाऊ दे. अर्फा, तू उतर गं. बस हितं."

आठवीतली नात मुकाट उतरली. सतरंजी पसरून पातेल्याशेजारी मांडी घालून बसलीसुद्धा. तोंड एवढंसं झालेलं, पण तक्रार नाही. ते पाहून सलिमाला संताप आला, आणि तो स्वतःचाच आला. असं निमूट बसायला ही पोर शिकली कुणाकडे बघून?

ती खाली उतरली. अम्मी ताळ्यावर आली, असं सरफराजला वाटलं. तिने अर्फाचं मनगट धरून तिला उठवलं, जीपमध्ये चढवलं आणि मागोमाग स्वतःही चढली.

"ही बसायची न्हाई आन् मीबी बसायची न्हाई. आमच्या घरातली कुठलीच बाई आता भांडी राखणार न्हाई. काढ बाबा गाडी!"

ड्रायव्हरने गाडी काढली. कुतुबुद्दीन तेवढा कमरेवर हात ठेवून पातेल्यापाशी उभा राहिला.

वाघ काही दिसला नाही. पण एका वळणावर झाडी सरली, खाली धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं दिसलं, आणि सलिमा मोठ्याने म्हणाली, "या अल्लाह, एवढं असतंय व्हय हे!" अर्फा तिच्या दंडाला बिलगून बघत होती.

परतल्यावर पाहतात तो कुतुबुद्दीन सतरंजीवर घोरतोय, पातेलं उपडं, आणि वानरं झाडावर चपात्या खातायत.

"आता खायाचं काय, अम्मी?" सरफराज भुकेने कावला होता. "बघ, काय करून ठेवलंस!"

"ऱ्हावा एक दिस उपाशी," सलिमा म्हणाली. "मी आजपत्तर दर सहलीला उपाशीच घरी आलीया."