पहिली पटकथा कुठे लिहिली?

एका दिवंगत पटकथालेखकाचं चरित्र लिहिताना मी महिनाभर एका साध्या प्रश्नावर अडलो होतो. त्यांनी पहिली पटकथा लिहिली कुठे? पत्नी सुमतीबाई म्हणत, आमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसून. धाकटी बहीण म्हणे, माझ्या कोल्हापूरच्या घरी. आणि एका जुन्या मुलाखतीत ते स्वतःच सांगतात, लॉजवर.

काल धीर करून मी सुमतीबाईंना तिन्ही उत्तरं वाचून दाखवली. मेथी निवडणारे त्यांचे हात थांबले. मला वाटलं, दुखावल्या. पण त्या खुदकन हसल्या.

"अहो, चहा मिळेल तिथे ते लिहायला बसायचे. वन्संकडेही लिहिलं असेल. शेवट मात्र त्यांनी मला वाचून दाखवला. मी रडले, म्हणून तो तसाच ठेवला. तेवढं मी कुणाला देणार नाही."

"मग काय लिहू?"

"तिघांचंही लिहा की! ज्याचं त्याच्या नावावर."

एका माणसाचं काम आपल्याच घरी झालं, असं इतक्या मायेने सांगणारी माणसं त्याला लाभली, याचंच मला परतताना बरं वाटत होतं. घरी येऊन मी तिन्ही उत्तरं नावानिशी लिहिली. खाली सुमतीबाईंचं रडणं लिहिलं. त्यावर दुसऱ्या कुणाचाच दावा नव्हता.