मी कौल मागितला नाही

आमच्या घरात कौल घेतल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. देवीच्या मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. अकरा वर्षांपूर्वी आईच्या पित्ताशयात खडे निघाले, तेव्हा ऑपरेशन करायचं का, हेही असंच विचारलं. डावी पडली. आई खुशीत घरी आली आणि ओव्याचं पाणी पीत राहिली. चार वर्षांनी कावीळ झाली, तेव्हा पित्ताशयाचा कर्करोग यकृतात पोचला होता. ती गेल्यावर मी देवळाची पायरी चढले नाही. देवीचा मला राग होता आणि तो मी कुणापासून लपवलाही नाही.

गेल्या वर्षी माझ्याही उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. मी लांज्याला शाळेत शिकवते. फळ्यावर लिहिता लिहिता घाम फुटायचा. रत्नागिरीला सोनोग्राफी केली. खडा मोठा होता आणि पित्ताशयाची भिंत जाड झाली होती. डॉक्टरांनी घरच्यांची चौकशी केली. आजीला खडे, मावशी आणि आई दोघी याच कर्करोगाने गेलेल्या, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. "रक्तातून येतो तो धोका, रोग नव्हे," ते म्हणाले. "होईलच असं नाही. पण तुमच्या बाबतीत मी वाट बघणार नाही." गावात आईच्या दुखण्याला देवीचा कोप म्हणत. मला पहिल्यांदाच कुणीतरी सरळ कारण सांगितलं आणि भीती वाटत असूनही बरं वाटलं.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, हे पटेना. "आदी कौल घेऊया, मग ठरवू."

"आणि डावी पडली तर? आईसारखी मरू?"

"तसा नाय गो," एवढंच म्हणाला आणि परसात निघून गेला.

मग मीच हट्टाने त्याला घेऊन मंगळवारी देवळात गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले. गुरवकाका कळ्या भिजवायला लागले, तसं मी त्यांना थांबवलं. "मी विचारायला आले नाही, सांगायला आलेय. सोमवारी ऑपरेशन आहे. गाऱ्हाणं तेवढं घाला."

काकांनी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे आणि हात जोडले. "बाय माजे, ही तुजी लेक सोमवारी पोट कापून घेतेय. तिच्या पाठीशी उबी ऱ्हा." गाऱ्हाण्याच्या प्रत्येक बोलावर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. कुणी म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धं राहतं. दादाने मान खाली घातली. इतक्या तोऱ्यात आलेली मी, पण तेव्हा मला आपल्या पाठीशी कुणीच नाही असं वाटलं.

"व्हय म्हाराजा." मागून आवाज आला, बाईचा. ही हाक पुरुषांनीच द्यायची अशी आमच्याकडची रीत, म्हणून काकाही चमकले, पण पुढचा बोल त्यांनी सोडला नाही. ती प्रत्येक बोलाला ठणकावून उत्तर देत राहिली. तिसऱ्या बोलाला दादाचाही आवाज मिसळला.

नंतर तिने मला खांबाआड नेलं, कसलं ऑपरेशन ते विचारून घेतलं आणि पदर बाजूला करून पोटावरचे चार बारीक डाग दाखवले. "माजा पन काडलान डाक्टरनी. काय नाय होत. भिऊ नुको." ती आपला नवस फेडायला आली होती. संगमेश्वरची एसटी गाठायची म्हणून घाईने गेली, नावही सांगितलं नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं. तपासणीचा रिपोर्ट आला: पेशी बदलायला लागल्या होत्या, कर्करोग झाला नव्हता. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले.

ही कृपा कुणाची, यावर मी वाद घालत नाही. त्या बाईला देवीने पाठवलं असं मी मानते आणि त्यासाठी रोज हात जोडते. आईच्या वेळी कुणालाच का पाठवलं नाहीस, हेही रोज विचारते. भूल चढताना मी स्वतःला देवीच्या ओटीत टाकलं होतं, ते राग न सोडताच. तिने तसंच घेतलं.

काल दादाचा रत्नागिरीहून फोन आला. आईचं रक्त त्याच्यातही आहे. सकाळपासून उपाशी, सोनोग्राफीच्या रांगेत बसला होता.

"देवीला सांगून गेलास का?" मी विचारलं.

"तूच जाऊन सांग," तो म्हणाला. "तुजा ऐकते ती."

मी तशीच उठून देवळाकडे निघाले. वाटेत रडू आलं, ते पुसलं नाही.